दोन पानी रिपोर्टातली एक ओळ

‘पाणी भरपूर पिऊन या आणि नंबर येईपर्यंत लघवीला जाऊ नका,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या बहुतेक गरोदर बायकांना पाठ असतं. सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर अवघडून बसलेली बाई, हातात अर्धी संपलेली पाण्याची बाटली, शेजारी फाइल सांभाळणारी सासू किंवा नवरा आणि समोर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी. आत गेल्यावर डॉक्टर बाळाचा मेंदू, हृदयाचे चार कप्पे, मणका, मूत्रपिंडं, हातपाय एकेक करून तपासतात. बाहेर आल्यावर घरच्यांचा प्रश्न एकच: ‘बाळ बरं आहे ना?’ उत्तर ‘हो’ आलं की दोन पानी रिपोर्ट फाइलमध्ये जातो आणि फाइल पिशवीत.

त्या रिपोर्टात कुठेतरी खालच्या बाजूला एक ओळ असते. ‘सर्व्हिक्स ३.४ सेंमी, इंटर्नल ओएस क्लोज्ड’ अशा धाटणीची. ती बाळाबद्दल नसते, आईबद्दल असते, म्हणून तिच्यावरून नजर घसरून जाते. काही रिपोर्टांत तर ती नसतेच. खरं म्हणजे बाळ दिवस पूर्ण भरेपर्यंत पोटात राहील की आधीच निघायची घाई करेल, याचा आज सोनोग्राफीतून मिळणारा सगळ्यात उपयोगी अंदाज याच ओळीतून मिळतो. पण ती वाचायची कशी, तिच्यावर किती विसंबायचं आणि घाबरायचं कधी नाही, हे कळलं तरच तिचा उपयोग.

सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली, म्हणजे इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचं जगातलं सर्वांत मोठं कारणही हेच. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं अजूनही कुणी ना कुणी छातीठोकपणे सांगतं. ते साफ खोटं आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या बाळापेक्षा बत्तिसाव्यातलं आणि बत्तिसाव्यापेक्षा पस्तिसाव्यातलं बाळ जास्त सुरक्षित असतं. आधीच अंदाज हवा तो दोन गोष्टींसाठी. चार आठवडे पदरात पाडून घेता येतील का, हे पाहायचं. आणि नाहीच आले, तर बाळ काचेच्या पेटीची सोय असलेल्या ठिकाणी जन्माला येईल अशी तजवीज करायची.

या अंदाजाची सुरुवात पाचव्या महिन्यात होत नाही, तिसऱ्यात होते. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की गर्भाचं वय चार-सहा दिवसांच्या फरकानं कळतं. पाळीची तारीख ‘संक्रांतीच्या आगेमागे’ अशी सांगितली गेली असेल, तर ही मोजणी फारच मोलाची. आठवडेच चुकले तर पुढचं सगळं चुकतं. छत्तिसावा समजून निवांत राहिलेली बाई प्रत्यक्षात तेहतिसाव्यात असू शकते. इथे एक गोंधळ घरोघरी होतो. प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टावर मशीन बाळंतपणाची नवी तारीख छापतं आणि घरचे शेवटच्या रिपोर्टावरची तारीख धरून बसतात. नंतरच्या तारखा त्या दिवशीच्या बाळाच्या आकारावरून काढलेल्या असतात, बाळ बारीक असलं की त्या पुढे सरकतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीनं पक्की झालेली तारीखच खरी. ती फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी आणि तिच्यावर गिरवागिरव करू नये.

आता त्या ओळीकडे. गर्भाशय म्हणजे उलटी धरलेली सुरई समजली, तर सुरईची मान म्हणजे गर्भाशयाचं मुख, रिपोर्टातलं ‘सर्व्हिक्स’. बोलीत तिला ‘पिशवीचं तोंड’ म्हणतात. गरोदरपणाच्या मध्यावर ही मान साधारण साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब, घट्ट आणि बंद असते. बाळंतपण जवळ आलं की ती मऊ पडते, आखडते आणि मग उघडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणातही हाच क्रम असतो, फक्त फार आधी सुरू झालेला. आणि हे आखडणं आतल्या बाजूनं, बाळाच्या बाजूनं सुरू होतं. बाहेरून बोटांनी तपासणाऱ्या डॉक्टरांना मुख जिथल्या तिथे लागतं, तोवर आतलं दार, म्हणजे रिपोर्टातलं ‘इंटर्नल ओएस’, किलकिलं झालेलं असू शकतं. ते दिसायला सोनोग्राफीच लागते.

आणि तीही आतून केलेली. पोटावरून पाहताना मूत्राशय भरलेलं लागतं, आणि भरलेलं मूत्राशय मुखाला दाबून लांबवतं. आखडलेली मानही त्यामुळे लांब दिसते. शिवाय बाळाचं डोकं मध्ये आलं की मुख दिसतच नाही. म्हणून नीट मोजमाप घ्यायचं तर तासभर पाणी पिऊन बसलेल्या बाईला आधी लघवीला जाऊन यायला सांगतात. ती चकित होते, क्वचित चिडतेही. पण खरं माप रिकाम्या मूत्राशयावरच मिळतं. बोटाएवढ्या जाडीचा प्रोब निरोधासारखं आवरण आणि जेली लावून योनीत थोडासा आत सरकवतात. तो मुखात शिरत नाही, बाळापर्यंत तर पोहोचतच नाही. वार खाली असल्याचा संशय असतानासुद्धा हीच पद्धत खात्रीची मानली जाते. ‘आतून सोनोग्राफी केली तर पिशवीला धक्का लागेल’ ही भीती बाजूला ठेवायला हरकत नाही. संकोच वाटणं मात्र साहजिक आहे. सोबत बाई मदतनीस असावी किंवा प्रोब स्वतः सरकवू द्यावा, असं खुशाल सांगता येतं.

पडद्यावर राखाडी रंगात आडवी पसरलेली मान दिसते. तिच्या मधून जाणारी बारीक रेघ म्हणजे मुखाची नळी. डॉक्टर रेघेच्या एका टोकाला, जिथे आतलं दार आहे तिथे, अधिकचं छोटं चिन्ह ठेवतात. दुसरं बाहेरच्या दारापाशी. दोन चिन्हांमध्ये ठिपक्यांची ओळ उमटते आणि कोपऱ्यात आकडा येतो. काम इथे संपत नाही. प्रोब जोरात दाबला तर मान चेपून लांब दिसते, म्हणून हात सैल करून पुन्हा मोजतात. मान काही दगडाची नाही. आकुंचन आलं की बघता बघता तिचा आकार बदलतो. म्हणून तीन ते पाच मिनिटं थांबून, निदान तीनदा मोजून, त्यातल्या चांगल्या मापांपैकी सर्वांत छोटं लिहायचं हा नियम. या मिनिटांत आतलं दार उघडू लागलेलं असेल तर तेही दिसतं. बंद मानेचा आकार इंग्रजी ‘टी’सारखा असतो, उघडताना तो आधी ‘वाय’सारखा, मग ‘व्ही’सारखा आणि शेवटी ‘यू’सारखा होतो. घाईच्या सेंटरमध्ये अर्ध्या मिनिटात उरकलेलं माप आणि हे माप, दोन्ही रिपोर्टात सारखीच दिसतात. म्हणून विचारावं: ‘डॉक्टर, हे पोटावरून मोजलं की आतून?’

आकड्याची आणखी एक गंमत. डॉक्टर बोलताना मिलिमीटर म्हणतात, रिपोर्ट छापतो सेंटिमीटर. ‘पंचवीसच्या खाली नको’ हे ऐकून रिपोर्टात ‘३.१’ पाहिल्यावर हबकलेल्या बायका कमी नाहीत. ३.१ सेंमी म्हणजे ३१ मिलिमीटर, ठीकच आहे.

पंचवीस हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या दहा केंद्रांमध्ये २,९१५ गरोदर बायकांच्या मुखाची लांबी चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास अशीच आतून मोजली गेली आणि नंतर प्रत्येकीचं बाळंतपण कधी झालं ते पाहिलं गेलं. जे आयम्स आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. सरासरी लांबी निघाली ३५ मिलिमीटर, आणि मान जितकी आखूड तितका लवकर बाळंतपणाचा धोका जास्त, असा सरळ जिना दिसला. अमुक आकड्याच्या वर सुरक्षित आणि खाली धोका, अशी कडेकोट रेषा नव्हती. पण डॉक्टरांना काम करायला कुठेतरी रेषा हवीच असते; ती पुढे २५ मिलिमीटरवर आखली गेली.

आणि याच अभ्यासातला दुसरा आकडा प्रत्येक घाबरलेल्या कुटुंबाला कुणीतरी सांगायला हवा. चोविसाव्या आठवड्यात ज्यांची लांबी २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरली, त्यांच्यापैकी पस्तीस आठवड्यांच्या आत बाळंत झाल्या शंभरात सुमारे अठरा. उरलेल्या ब्याऐंशी जणींनी तो टप्पा सुखरूप ओलांडला. उलट बाजूही तितकीच खरी: ज्या लवकर बाळंत झाल्या, त्यांच्यापैकी शंभरातल्या सदतीस जणींचीच मान चोविसाव्यात आखूड सापडली होती, बाकीच्यांची नव्हती. आखूड मान म्हणजे विधिलिखित नव्हे, आणि लांब मान म्हणजे हमीपत्र नव्हे. हवामान खातं ‘मुसळधारेची शक्यता’ म्हणतं तेव्हा शहाणा माणूस छत्री घेतो, घर सोडून पळत नाही. इथेही तेच.

ही छत्री कोणती, ते सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण तिच्या एका प्रकाराला गोव्याचं नाव आहे. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्याला जन्मले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. त्यांच्याकडे काही बायका पुन्हा पुन्हा एकच कहाणी घेऊन येत: चौथ्या ते सातव्या महिन्यात, फारशा कळा न येता, मूल अचानक बाहेर. ‘हिच्या पोटात मूल टिकत नाही’ म्हणून संसारातून उठवल्या जायची वेळ आलेल्या या बायका. दोष मुखाच्या दुबळेपणात आहे हे हेरून शिरोडकरांनी बाईच्याच मांडीतून काढलेल्या पडद्याची पट्टी मुखाभोवती आत दडवून बांधली, जशी पिशवीची नाडी ओढून घ्यावी. १९५५ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया लिहून प्रसिद्ध केली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅक्डोनाल्ड यांनी सोपा टाका सुचवला. आजही जगभरच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत हे दोन टाके शेजारी शेजारी असतात, आणि स्कॉटलंडपासून ब्राझीलपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ‘शिरोडकर’ हा उच्चार शिकावा लागतो. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

शिरोडकरांना टाका कुणाला घालायचा हे ठरवायला फक्त बाईची कहाणी आणि स्वतःची बोटं होती. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी गर्भाच्या सोनोग्राफीवरचा पहिला मोठा शोधनिबंध लिहिला तो १९५८ साली, म्हणजे शिरोडकरांच्या टाक्यानंतर तीन वर्षांनी. आणि ते यंत्र धातूच्या तुकड्यांतल्या भेगा शोधणाऱ्या कारखानी उपकरणातून जन्माला आलं होतं. मुखाची लांबी मोजण्याइतकं ते नजाकतीचं व्हायला पुढची तीन दशकं गेली. आधी उपाय आला, मोजपट्टी नंतर. मोजपट्टी आल्यावर मात्र कळलं की पूर्वी सरसकट घातलेल्या कितीतरी टाक्यांची गरजच नव्हती.

तेव्हा आता कुणी काय करावं?

पहिलटकरीण असो वा दुसऱ्या खेपेची, आधी काही अडचण आली नसेल तर अठरा ते बावीस आठवड्यांची, बाळातलं व्यंग पाहणारी सोनोग्राफी ठरवतानाच ‘मुखाची लांबीही आतून मोजाल का?’ असं विचारून ठेवावं. एकदा नीट मोजलेली लांबी २५ मिलिमीटरच्या वर असेल, तर अशा बाईला पुन्हा पुन्हा मोजत बसायचं कारण नाही. सोळा आठवड्यांच्या आत मोजून उपयोग नसतो, कारण तोवर मान आणि गर्भाशयाचा खालचा भाग वेगळे ओळखू येत नाहीत. तिशीच्या पुढच्या आठवड्यांत मान आपसूकच आखडू लागते. त्यामुळे बत्तिसाव्या आठवड्याच्या रिपोर्टात ‘२.४’ दिसलं आणि बाईला काही त्रास नसेल, तर त्या आकड्यानं झोप उडवून घेऊ नये.

जिचं आधीचं बाळंतपण सदतीस आठवड्यांच्या आत आपोआप झालं, किंवा जिचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात गेला, तिची गोष्ट वेगळी. तिची लांबी सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी पाहतात. माप पंचवीस ते तीसच्या मध्ये आलं तर दर आठवड्याला. मुखावर पूर्वी शंकूसारखा तुकडा कापून काढण्यासारखी शस्त्रक्रिया झालेली, गर्भाशयात जन्मजात पडदा असलेली, जुळं असलेली बाईही डॉक्टरांच्या नजरेखाली हवी. इथे सगळ्यात मोठा अडथळा यंत्राचा नसतो, लपवालपवीचा असतो. आधीचा गर्भ पडल्याचं सासरी माहीत नसतं, म्हणून डॉक्टरांसमोर सासू असताना ते सांगितलं जात नाही. सोनोग्राफीच्या खोलीत बाई एकटी असते, तेव्हाच सांगून टाकावं. लांबी पाहणाऱ्या डॉक्टरांना त्या एका वाक्यानं जेवढं कळतं, तेवढं पुढच्या दहा मिनिटांच्या तपासणीतही कळत नाही.

मान आखूड निघालीच, तर पहिला उपाय टाका नाही, रात्री योनीत ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी आहे. लंडनचे किप्रोस निकोलाइडिस आणि सहकाऱ्यांनी २४,६२० बायकांची लांबी मोजली. ४१३ जणींची मान १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड निघाली. त्यांतल्या २५० जणी अभ्यासात सामील झाल्या. निम्म्या बायकांना दररोज रात्री २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. चौतीस आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचं प्रमाण नुसत्या गोळीवर ३४.४ टक्के होतं, ते औषधावर १९.२ टक्क्यांवर आलं. हे २००७ चं. त्यानंतरच्या अभ्यासांत २५ मिलिमीटरपर्यंतच्या बायकांनाही फायदा दिसला. गोळी नेहमीच्या गोळीइतकी साधी आहे, पण ती तोंडावाटे घ्यायची नाही आणि ‘थोडं पांढरं जातंय’ म्हणून मनानं बंद करायची नाही. गोळी विरघळून तेवढं जाणारच.

आपल्याकडे मात्र प्रोजेस्टेरॉन ‘गर्भ टिकायची सुई’ म्हणून ऊठसूट दिलं जातं. ज्यांची मान लांब आहे आणि ज्यांचा पूर्वेतिहास साफ आहे, त्यांना ते देऊन लवकर बाळंतपण टळतं असा पुरावा नाही. अमेरिकेत याच कामासाठी २०११ साली मंजूर झालेलं दर आठवड्याचं प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन, फायदा सिद्ध होत नाही म्हणून २०२३ साली तिथल्या औषध प्रशासनानं मंजुरी काढून बाजारातून उठवलं. मुखाभोवती बसवायची सिलिकोनची कडी, जिला पेसरी म्हणतात, तिचंही असंच झालं: सुरुवातीला मोठ्या आशेनं वापरली गेली, पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत फायदा तर दिसला नाहीच, उलट काळजीचे आकडे दिसले आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तेव्हा इंजेक्शन किंवा कडी सुचवली गेली तर ‘माझ्या लांबीसाठी याचा फायदा दिसलाय का?’ हे विचारायला बिचकू नये.

टाका घालतात तो मुख्यतः जिची मान चोविसाव्याच्या आत २५ मिलिमीटरपेक्षा आखडली आहे आणि जिला आधीही असंच झालं होतं, अशा बाईला. जुळ्यांमध्ये नुसत्या आखूड मापावरून टाका घालून फायदा होताना दिसत नाही, तिथलं गणित डॉक्टरांनी प्रत्येकीपुरतं वेगळं मांडावं लागतं.

आता सगळ्यात लाडका उपाय: आराम. ‘पिशवीचं तोंड आखडलंय’ हे कळताच घरात जिना बंद, स्वयंपाक बंद, पलंगाच्या पायाखाली विटा. यामागची माया खरी असते, पण फायदा खरा नसतो. आखूड मान असलेल्या ६५७ पहिलटकरणींच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ज्यांना हालचालींवर बंधन घालायला सांगितलं होतं, त्यांच्यातल्या ३७ टक्के सदतिसाव्याच्या आत बाळंत झाल्या. बंधन नसलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. ज्यांची जोखीम जास्त त्यांनाच आराम सांगितला गेला असणार हे खरं, पण तो हिशेब वजा केल्यावरही आरामाचा फायदा निघाला नाही. दिवसेंदिवस पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, स्नायू गळतात, आणि छताकडे पाहत बसलेल्या बाईचं मन पार खचतं. डोक्यावर हंडा, जड पोती, ऊसतोडीसारखं अंग मोडणारं काम थांबवावंच. पण घरात चालणं, जेवण बनवणं, ऑफिसच्या खुर्चीत बसणं यानं मान आखडत नाही. वेगळं काही कारण असेल तर डॉक्टर स्वतः सांगतील.

विटांपेक्षा मिश्रीची डबी उचलून ठेवावी. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, धूर न होणारी तंबाखू वापरणाऱ्या बायकांचं बाळंतपण सरासरी ६.२ दिवस आधी झालं आणि बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं. दात घासायला म्हणून लावलेली मिश्री ही तंबाखूच, हे सोनोग्राफीच्या टेबलावर कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

लांबी मोजण्याचा दुसरा प्रसंग अचानक येतो. एकतिसावा आठवडा, पोट राहून राहून दगडासारखं टणक होतंय, कंबर भरून येतेय. अशा वेळी सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधत बसायचं नाही, थेट बाळंतपण होतं त्या दवाखान्यात जायचं. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर एक मिनिटही न दवडता. तिथे तपासणीनंतर लांबी मोजली आणि ती ३० मिलिमीटरच्या वर निघाली, तर पुढच्या आठवड्यात बाळंतपण होण्याची शक्यता फार कमी असते. बाई उगाच भरती होण्यापासून वाचते. १५ च्या खाली असेल तर मात्र धावपळ सुरू.

त्या धावपळीतलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे बाळाची फुप्फुसं पिकवायला आईला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली ते माणसांत उपयोगी ठरतं हे दाखवलं. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आलं. सहा मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. औषध स्वस्त आहे आणि आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार परिचारिकाताईही पहिला डोस देऊ शकते. पण त्याचा जोर पहिल्या आठवड्याभरात जास्त असतो. म्हणून बाविसाव्या आठवड्यात मान २२ मिलिमीटर निघाली की लगेच ‘होऊनच जाऊ द्या’ म्हणत ते घेऊन ठेवायचं नसतं. बाळंतपण खरंच जवळ आल्याची चिन्हं दिसली की घ्यायचं.

लवकर बाळंतपणांपैकी साधारण एक तृतीयांश आपोआप होत नाहीत. आईचा रक्तदाब भडकला किंवा बाळाची वाढ थांबली म्हणून डॉक्टरांनाच ती करावी लागतात. त्यांचा अंदाज मुखाच्या लांबीतून येत नाही. त्यासाठी तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला प्रवाह पाहतात, आणि धोका दिसला तर रात्रीची अॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात. २०१७ साली आलेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत १५० मिलिग्रॅम अॅस्पिरिननं सदतिसाव्याआधी उद्भवणारा हा रक्तदाबाचा विकार ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आणला होता. तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी ‘हार्टबीट ऐकायला’ म्हणून उरकू नये, ती याचसाठी.

कागदपत्रांचं म्हणाल तर प्रत्येक सोनोग्राफीला ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही या घोषणेवर सही लागते. १९९४ चा कायदा ते सांगतो. पैशांची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते आणि सरकारी रुग्णालयातल्या गरोदर बाईच्या सोनोग्राफीसह तपासण्या मोफत करायची तरतूदही आहे. आशाताईंना विचारलं की जवळचं केंद्र कळतं. आतून लांबी मोजायची सोय तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. तेवढ्यासाठी जिल्ह्याला जावं लागलं तर पाचव्या महिन्यातली ती एक फेरी करावी.

आणि मग येतं डोहाळजेवण. ओटी भरून मुलगी सातव्यात माहेरी जाते, आणि नेमक्या त्याच काळात डॉक्टर बदलतात. सांगलीच्या डॉक्टरांनी तीनदा मोजलेली लांबी नांदेडच्या डॉक्टरांना माहीत नसते, कारण फाइल ‘इकडेच राहू दे, बारशाला आल्यावर नेऊ’ म्हणून कपाटात राहिलेली असते. फाइल बाईबरोबरच जायला हवी. पहिल्या पानावर पक्की तारीख, प्रत्येक मोजमाप कितव्या आठवड्यातलं ते, चालू असलेली प्रोजेस्टेरॉनची गोळी, आणि टाका घातला असेल तर ‘मुखाला टाका आहे’ हे लाल शाईनं. टाका असलेल्या बाईला कळा सुरू झाल्या किंवा रक्त जाऊ लागलं, तर तो लगेच काढावा लागतो, नाहीतर मुख फाटतं. रात्री दोनला भेटलेल्या अनोळखी डॉक्टरांना हे कळायला ती लाल ओळच कामी येते. मान फार आखूड असेल, तर माहेर की सासर यापेक्षा नवजात अतिदक्षता विभाग कुठे जवळ आहे, हा प्रश्न आधी सोडवावा. डोहाळजेवण पुढच्या महिन्यातही होतं.

सगळं सुरळीत पार पडलं तर छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात टाका काढायचा दिवस येतो. साधा टाका असेल तर बहुतेक वेळा भूलही लागत नाही. डॉक्टर कात्रीनं गाठीखाली कापतात आणि पांढरी फीत बाहेर ओढतात. काही बायका ती हातात घेऊन पाहतात. त्या रात्री घरी कुणालाच झोप येत नाही, बॅग दाराशी भरून ठेवलेली असते, रिक्षावाल्याचा नंबर फोनवर तयार. आणि मग अनेकदा काहीच होत नाही. एक आठवडा जातो, दुसरा जातो, आणि सहा महिने ‘लवकर येऊ नको रे बाबा’ म्हणणारी आजी आता रोज सकाळी विचारू लागते, ‘अगं, अजून कसं नाही?’